नऊ अर्जांतला एकच म्हातारा

—हो हो, मेलेला तो मीच. नीट बघा ना फोटो. हाच तपकिरी स्वेटर, कोपराला हेच भोक. आणि त्या दुसऱ्या अर्जात मेलेलाही मीच, तिथे फक्त कानटोपी घातलीय. बसा साहेब, बसा. त्या खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, जरा उजवीकडे भार द्या—हां. विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचे साहेब एवढ्या लांब या वृद्धाश्रमात येतात काय, पिशवीत नऊ पोरांचे नऊ अर्ज, आणि नवांच्या निबंधात एकच म्हातारा! एकात मी दीपगृहाचा राखणदार, एकात सर्कशीत झुल्याखाली जाळी धरणारा, एकात बुडत्या बोटीतून सतरा माणसं काढणारा—सतरा लिहिलंय? मी तर बाराच सांगितली होती. वरची पाच त्या पोरानं स्वतःच्या हिमतीवर काढली. घ्या हो त्याला, पुढे नाव काढील.

आता तुम्ही विचारणार, आजोबा, एवढ्या थापा का मारल्या? विचारा की. अहो, मी कुठे मारल्या, त्यांनी मागितल्या! दरवर्षी तुमच्या फॉर्मांचा हंगाम आला की इथे रांग लागते. एरवी या जिन्यावर औषधवाल्याशिवाय कुणी चढत नाही, पण फॉर्म निघाले रे निघाले की आमच्यावर प्रेमाचा नुसता पूर. तिकडे चौकात एक सल्लागारबाई आहेत म्हणे, त्या पोरांना यादीच करून देतात—एक खेळ, एक वाद्य आणि एक म्हातारा. म्हातारा मिळाला नाही तर कुत्रा चालतो, पण कुत्र्याला तुम्ही गुण कमी देता असं ऐकलंय. खरं का? … नाही कसं, एका पोरीनं मला सांगितलं, आजोबा, मी आधी कुत्र्यांकडेच जात होते, पण आई म्हणाली म्हातारे जास्त चालतात. मी म्हटलं, बाळ, मी तर काठी घेऊन चालतो!

आल्या आल्या फोन पुढे धरायचा आणि पहिला प्रश्न—आजोबा, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग कोणता? बसा म्हणत नाहीत, कसे आहात म्हणत नाहीत. पहिला पोरगा आला तेव्हा मी खरं सांगितलं होतं हो. म्हटलं, चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होतो. चादरी उकळायच्या, वाळवायच्या, वाफेच्या इस्त्रीच्या रोलरमधून काढायच्या, घड्या घालायच्या. त्यानं फोन बंद केला. म्हणाला, ‘दुसरं काही नाही का?’ दुसरं काही नाही का! चौतीस वर्षं, साहेब. बरं, मी म्हटलं, आहे की, एक मिनिट थांब, दार लोटून घे, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही—आणि दीपगृहावर जाऊन बसलो. त्याचे डोळे असे चमकले! फोन परत चालू. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. जसं गिऱ्हाईक तसा माल. वाद्यवाली आली, तिनं व्हायोलिन वाजवलं, आणि मी रडलो. लिहिलंय ना तिनं, ‘त्यांच्या सुकलेल्या डोळ्यांतून धारा लागल्या’? डोळ्यांत औषधाचे थेंब घालून नुकताच बसलो होतो, लागणारच धारा. आणि ई-मेल! चार जणांनी मला आयुष्यातली पहिली ई-मेल पाठवायला शिकवली. चारही वेळा मी टाळ्या वाजवल्या. चार पत्ते आहेत माझ्याकडे, कार्ड छापून देऊ का तुम्हाला?

फोटोच्या वेळी मात्र सगळे एकाच शाळेतले. ‘आजोबा, जरा जुना स्वेटर नाही का?’ माझा निळा नवा कोरा स्वेटर त्या कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. घालूच देत नाहीत. हे कोपराचं भोक आहे ना, ते सुरुवातीला एवढंसं होतं, एका पोरानं बोट घालून मोठं केलं. दारिद्र्य नीट दिसत नव्हतं म्हणे. आणि मेलो कसा ते विचारू नका, तो माझा दोष नाही. मी फक्त म्हटलं होतं, बाळा, आता काही खरं नाही. दोघांनी घेतलं मनावर.

मग पकडले कसे हो? … एकाच टेबलावर? एकाच सकाळी? हात्तिच्या! मला वाटलं होतं इतके कागद येतात, कोण वाचतं. मेट्रनबाईंनाही तेच वाटलं होतं, म्हणून तर पोरांच्या सेवेच्या तासांच्या कागदावर सह्या करत सुटल्या. चाळीस तास, चाळीस तास. एक पोरगा तर चाळीसपैकी अडतीस तास खाली जिन्यात बसून फोनवर खेळायचा. पण सही चाळिसांवर. फोनवर खेळणं हाही खेळच की—यादीतलं पहिलं काम झालं.

काय म्हणालात? … सगळे? नऊच्या नऊ रद्द?

थांबा. थांबा जरा. उठू नका, ती खुर्ची पडेल. आठ करा रद्द—माझं काही म्हणणं नाही, आठांच्या आया येऊन माझ्या नावानं खडे फोडतील, फोडू देत. पण त्यात एक अर्ज असेल, फोटो नसलेला. बघा, शोधा. … तोच. तिला मी घुमी म्हणतो. घुमीच आहे, तासभर बसली तरी चार शब्द. तो कागद बाजूला काढा. तो खरा आहे.

हां, हसलात. बरोबर आहे तुमचं. लांडगा आला रे करणाऱ्या पोराचं कुणी ऐकत नाही, आणि मी तर आठ लांडगे स्वतःच्या हातानं सोडलेत. पण सुक्याबरोबर ओलं कशाला जाळता? ती आली तेव्हा मी तिलाही सर्कस काढून दिली. ऐकून घेतलं तिनं सगळं. मग म्हणते, ‘झुल्याखालची जाळी कशाची असते, आजोबा?’ मी म्हटलं, दोरखंडाची. म्हणते, ‘मग हातांना घट्टे का नाहीत? तुमचे हात भाजल्यासारखे आहेत.’ वाफेनं भाजलेले आहेत हो, रोलरच्या. चार शब्दांत माझी सर्कस उठवली. सांगून टाकलं तिला चादरींचं सगळं खरं. मग तीच म्हणाली, खालच्या खोलीत धुतलेल्या चादरी पडल्यात, चला. चादर एकट्यानं घडी करता येत नाही साहेब, म्हणजे येते, पण ती घडी नव्हे, ते गुंडाळणं. दोन माणसं लागतात. तेव्हापासून दर मंगळवारी चारला येते. अर्ज जाऊन तीन महिने झाले, बाकीचे आठ जण अर्जाच्या शेवटच्या तारखेला जे पसार झाले ते झाले. मी तिला म्हटलं, अगं, फॉर्म गेला ना, आता कशाला येतेस? म्हणते, ‘चादरी आहेत ना अजून.’ आहेतच. इथे चादरींचा ढीग काही संपत नाही. मेट्रनबाई ओरडत असतात, सकाळी घड्या घालून ठेवल्या होत्या, दुपारपर्यंत कोण मोडतं कळत नाही. मला काय विचारता? मी म्हातारा माणूस, जिना उतरताना माझे गुडघे वाजतात.

का एवढी कळकळ? काही नाही. सहज. … आता बघा, तुमच्या त्या फॉर्मात एक रकाना असतो—वडिलांचा व्यवसाय. माझ्या मुलानं असाच मोठ्या ठिकाणी अर्ज भरला होता, पंचवीसेक वर्षं झाली. पेन घेऊन बसलेला, लिहीना. मी आपलं गमतीत म्हटलं, लिही की, वस्त्रनिर्जंतुकीकरण विभागप्रमुख! खोटं नव्हतं अगदी. त्या रोलरवर मी एकटाच, मीच विभाग, मीच प्रमुख. दोघं पोट धरून हसलो. त्याची आई सुद्धा हसली. त्यानं तेच लिहिलं. मुलाखतीत कुणीतरी म्हणालं, वा, वडील डॉक्टर दिसतात. तो नाही म्हणाला नाही. मिळाला प्रवेश. मग पदवीच्या दिवशी मी निळा कोट इस्त्री करून तयार, आणि तो दारात उभा. ‘बाबा, कुणी विचारलं तर?’ खरंच की. कुणी विचारलं तर? माझीच थाप मला आत येऊ देईना. फोन करतो हो रविवारी. चांगला आहे पोरगा. सोडा, कुठून कुठे गेलो.

तर विश्वास नाही ना? शपथ घालू? नको, माझ्या शपथेला कोण विचारतो. असं करा, तिचा निबंध मी वाचलेला नाही, तुम्ही तो उशीखाली उलटा ठेवा. अहो मेट्रनबाई, दारात उभ्याच आहात तर ती पलंगावरची चादर ओढून द्या हो. घ्या साहेब, ती दोन टोकं धरा. कोट राहू द्या. मागे जा. ताणा. अहो, गाईचं दावं धरल्यासारखी काय धरलीत, बोटांत घ्या! आता डावा हात उजव्यावर. झटका. परत एकदा. आता चालत या. माझ्याकडे या. टोकं माझ्या हातात द्या, खाली वाका, मधली बाजू उचला, परत मागे—आणि परत या. आणखी एकदा. बघा, तीन वेळा आलात. आता हे टोक आत नाही, वर घ्यायचं, इथे पूर्वी हॉस्पिटलचा शिक्का असायचा. शिक्का पायाकडे. म्हणजे घाईतल्या नर्सला न बघता कळतं आणि काल जिथे एकाचे पाय होते तिथे आज दुसऱ्याचं तोंड येत नाही. हे कुठल्या सर्कशीत शिकवत नाहीत. आता काढा तो कागद. मोठ्यानं वाचा.

… ‘लांबीत दोन घड्या.’ झाल्या. … ‘मग समोरच्या माणसानं चालत यायचं, तीनदा.’ आलात की नाही? … ‘शिक्का वर, पायाकडचा.’ बघा! बघा, काखेत कळसा आणि गावाला वळसा! आठांचे फोटो घेऊन हिंडलात आणि खरं पिशवीत होतं. मेट्रनबाई, साहेबांना चहा—

थांबलात का? अजून आहे? वाचा की, मला काय लाज. …

काय?

परत वाचा. हळू.

‘मी येण्याआधी आजोबा सगळ्या घड्या मोडून ठेवतात. मला पहिल्याच मंगळवारी कळलं, उलगडलेल्या चादरींवर ताज्या घड्यांच्या रेघा होत्या. मी त्यांना सांगितलं नाही.’

…

घुमी. म्हटलं नव्हतं, घुमी आहे म्हणून. सहा महिने. सहा महिने मला वाटत होतं, मी तिला बनवतोय.

नाही, डोळ्यांचं औषध. दुपारचे थेंब घातलेत. मेट्रनबाईंना विचारा—नका विचारू. उठा तुम्ही. तो कागद बाकीच्या आठांत नाही घातलात, कोटाच्या खिशात ठेवलात, बघितलं मी. मी काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. आणि निघा आता, सव्वातीन झाले, ती तुम्हाला बघून बिचकेल. जिन्यात डाव्या बाजूनं उतरा, कठडा हलतो.

अहो, ती चादर तशीच द्या इकडे. नको, कपाटात नको. माझ्याकडे द्या—आज मंगळवार आहे, मला ती मोडायचीय.