डब्याला हात कुणी लावला?

...नाही, कुलूप पहिल्याच दिवशी लावायला हवं होतं, ते लावलं नाही, चूक झाली, कबूल! पण घरच्याच माणसांच्या भीतीनं कपाटाला कुलूप घालायचं? तुम्ही घालता? नाही ना? मग! मी कुणाचं नाव घेत नाही, पण आमच्या घरात कुणीतरी माझ्या डब्यांना हात लावत होतं.

कसले डबे म्हणता? तुम्हाला सांगतो. मी विमान बांधतोय. हसू नका! खरंखुरं, दोन सीटचं. धड पुढच्या खोलीत, पंख पॅसेजमध्ये, त्यामुळे बाथरूमला जाणारा प्रत्येक जण वाकून जातो... मला काही दिवस वाटलं, आदरानं वाकतात. तर हा पंख चिकटवायचा कशानं? खळीनं? इपॉक्सीनं! एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर, मोजून एकत्र केले की झाला दगड. पण तोवर नखरे काय विचारता! रेझिनला थंडी बाधते, हार्डनरला हवा बाधते. म्हणून सासऱ्यांच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, आत बल्ब लावला, डबे ठेवले. सासरे पांघरुणातून म्हणाले, "वा जावईबापू, डब्यांना ऊब, आणि मी आपला इथे कुडकुडतोय!"

बायकोनं तेव्हाच बजावलं, "हे बघ, तुझ्या शेजारच्या सीटवर मी बसणार. पण पंख ज्यानं चिकटवशील त्यावर तुझा पुरता भरवसा हवा. नाहीतर मी खाली उभी राहून हात हलवीन." अहो, चार वर्षं मी त्या सीटसाठी राबतोय! ती रिकामी राहिली तर वर जाऊन करू काय, एकटाच ढग बघत बसू?

आणि आठवड्याभरात हार्डनर पिवळसर! आणला तेव्हा पाण्यासारखा होता हो! पंधरा दिवसांनी बघतो तर चहासारखा. म्हणजे काहीतरी मिसळतंय ना कुणीतरी? दुकानदाराला फोन लावला. अगदी मधाळ आवाजात, "साहेब, झाकण घट्ट लावता ना?" झाकण! मला विचारतो, मला! इतकं गोड बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय असेल, सांगा बरं. मी कुणाचं नाव घेत नाही...

मग मी सापळा लावला. कपाटाच्या दाराला केस चिकटवला. स्वतःच्या डोक्यावरचा, तिथे आधीच टंचाई! संध्याकाळी बघतो तर केस गायब. दार उघडलं, तर डब्यांच्या मधोमध काय? पायमोजे! लोकरीचे, राखाडी, रेझिनला टेकून मस्त शेकत पडलेले! सासऱ्यांना रंगेहाथ पकडलं, तर ते शांतपणे, "पाय गार पडतात हो. पण डब्यांना मी शिवतसुद्धा नाही. वास मारतात." डबे वास मारतात! आणि मोज्यांचं काय? पण मी मोजे त्यांच्या हातात दिले. संशय मात्र पक्का धरला.

मग दोन्ही डब्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. चोराच्या बोटांना लागेल, काय? सकाळी बघितलं, पावडर जशीच्या तशी. दुपारी, तशीच. पण बाहेरून सगळं ठीक म्हणजे आत ठीक असेलच असं थोडंच आहे? म्हणून झाकण काढायचो, उजेडात धरायचो, ढवळायचो, वास घ्यायचो, झाकण ठेवायचो, परत पावडर. दिवसातून पाच वेळा... सहा... बरं, आठ! पहारा म्हणजे पहारा!

रविवारी मेकॅनिककाका आले. आयुष्यभर विमानं दुरुस्त केलेला माणूस, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी पंखाला हात लावत नाही. आदल्या दिवशी वाटीत नमुना कालवून ठेवला होता, तो दगड व्हायला हवा होता. काकांनी बोट लावलं... बोट आत! चिकट, बुळबुळीत! हाच पंखाला लावला असता तर? आणि शेजारी ती बसली असती तर?

काका हार्डनर बघून म्हणाले, "याला हवा लागलीय. सारखं झाकण कोण उघडतं?"

"तेच तर मी महिनाभर ओरडतोय!" मी गरजलो, हात वर करून. "कोण उघडतं?"

काका माझ्या हातांकडे बघताहेत. सासरे बघताहेत. बायको बघतेय. मग मीही बघितलं... कोपरापर्यंत पांढरे!

"मी कुणाचं नाव घेत नाही," बायको म्हणाली.

लाज वाटली हो. खरंच वाटली. बरं, ती ओरडलीसुद्धा नाही. नवे डबे आणले, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली स्वतःकडे ठेवली आणि म्हणाली, "आता मी सीटवर बसेन. आता माझा भरवसा आहे."

सीट भरली, आणखी काय पाहिजे माणसाला? काही नाही. फक्त रोज संध्याकाळी ती ते कपाट उघडते, मी दारातूनच मान लांब करून बघतो... सासऱ्यांचे पायमोजे आत जातात. मला मनाई आहे.