सतरा जणांचं आमंत्रण आणि एक प्रश्नचिन्ह

...नाही, पण मी म्हणते, सतरा माणसं म्हणजे एकच माणूस, असं कोणाला वाटेल का हो? तुम्हाला वाटेल? लहान पोराला वाटेल? त्या कॉम्प्युटरला वाटलं! आणि वाटलं तर वाटलं, वर मला हिरवी खूण दाखवली... बरोबरची, मोठ्ठी, आणि खाली लिहिलं, काम पूर्ण झाले! आता 'पूर्ण झाले' म्हटल्यावर माणूस काय करतो? निवांत होतो. मी निवांत झाले आणि पडवळ चिरायला बसले, तिथंच सगळं चुकलं.

थांबा, आधीपासून सांगते. आमची विणकरांची सोसायटी आहे, गोळीबार चौकाच्या मागे. आता माग कोणाच्या घरी राहिला नाही, पण सोसायटी आहे, तीनशे चाळीस सभासद आहेत आणि त्यांचं दफ्तर सांभाळायला मी आहे. मी दहावी पास. पूर्वी रजिस्टर होतं. मग माझ्या लेकीनं, ऋतुजानं, बंगलोरला जायच्या आधी एक प्रोग्राम करून दिला. एक खोकं. त्यात सभासदाचा नंबर टाकायचा, खाली निरोप लिहायचा, बटण दाबायचं, की त्या माणसाच्या मोबाईलवर निरोप जातो. दुसरं बटण 'सर्वांना'. ते सभेच्या वेळी. इतकं सोपं, की आमचे सेक्रेटरी मनोहरराव, ज्यांना लिफ्टचं बटणसुद्धा दोनदा दाबून बघावं लागतं, तेसुद्धा म्हणाले, "वा गोपिकाबाई, पोरीनं कमाल केली!"

तर आल्या महालक्ष्म्या. आमच्याकडे महालक्ष्मीचं जेवण म्हणजे काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या. आणि एक नेम आहे, आमंत्रण असल्याशिवाय त्या पंगतीला कोणी बसत नाही. शेजारी असो, सख्खा भाऊ असो, आदल्या दिवशी घरी येऊन तोंडानं सांगितलं पाहिजे. आमचे हे होते तेव्हा सायकल काढायचे आणि घरोघर सांगून यायचे. बरोबर मी, कुंकवाची कुयरी घेऊन. हे गेल्यावर दोन वर्षं घरात काही केलं नाही. या वर्षी म्हटलं, घरच्या लक्ष्म्या आहेत, किती दिवस पेटीत ठेवायच्या? करू.

पण सांगायला कोण जाणार? गुडघा म्हणतो, मी नाही. अर्धी माणसं कामठीला गेली, कोणी मौद्याला, कोणी सावनेरला. आणि खरं सांगू? गुडघा नसता तरी... आता कुयरी घेऊन मी कोणाच्या दारात उभी राहू? कोणी काही बोलणार नाही, माणसं चांगली आहेत. पण समोरची बाई क्षणभर थांबते ना, तो क्षण मला नको होता. आणि दोन वर्षांत मला तरी कोणी कुठं बोलावलं होतं? बारसं नाही, डोहाळजेवण नाही. राग नाही हो माझा. रीत आहे.

मग डोक्यात आलं, अरे, प्रोग्राम आहे ना! त्याला ना गुडघा, ना कुंकू.

आदल्या दिवशी ऑफिसात बसले. 'सर्वांना' दाबावं तर तीनशे चाळीस जणांचं पुरण कोण वाटणार? म्हणून आपली सतरा माणसं निवडली. नंबर तोंडपाठ आहेत मला. चार म्हणजे समोरच्या जनाबाई, अकरा म्हणजे कामिनी, तेवीस म्हणजे कामठीचे नानाजी... खोक्यात ओळीनं लिहिले, मध्ये स्वल्पविराम देऊन, शाळेत शिकवलं तसं. चार, अकरा, तेवीस, असे सतरा. खाली लिहिलं, 'उद्या आमच्या घरी महालक्ष्मीचं जेवण आहे, अवश्य यावे.' दाबलं. हिरवी खूण. काम पूर्ण झाले!

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. एकटीनं सोळा भाज्या, तुम्हाला सांगते! एक वाजता सतरा ताटं मांडली. हॉलमध्ये नऊ, मधल्या खोलीत आठ. दीड वाजला. म्हटलं, ऊन आहे, येतील. दोन. गाडी थांबल्याचा आवाज... धावत गेले, गॅसवाला! अडीच. पुन्हा गाडी... कुरिअरवाला, तोही पत्ता चुकलेला. मी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, "बसता का?" म्हणणार होते, पण त्याच्या तोंडावर हेल्मेट. तीन वाजले. पुरणपोळ्या कडक, आंबिलीवर साय, आणि कोपऱ्यात दोघी लक्ष्म्या नथ घालून माझ्याकडे बघताहेत. मी त्यांना म्हटलं, "बाई, मी बोलावलं होतं गं सगळ्यांना. हिरवी खूण आली होती."

सव्वातीनला समोरच्या जनाबाई दारात. सत्तरीच्या, पण आवाज खणखणीत.

"काय वं गोपिका, कढीपत्ता हाये का?"

"या ना जनाबाई, किती उशीर केला! बसा."

"कशाले बसू? सकायपासून पुरणाचा वास येऊन राहिला, मी दार लावून बसली घरात. म्हटलं, येईन आता, सांगीन आता. समोरचं दार हाये माह्यं, सावनेरले नाही राहत मी! येवढी काहून परकी झाली वं मी तुले?"

"अहो, निरोप पाठवला ना!"

"कुठी?" म्हणून त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात बँकेचे निरोप, लोनवाल्यांचे निरोप, माझा नाही. "बसा ना," मी म्हटलं. त्या ताटांकडे बघत राहिल्या. डोळ्यात पाणी होतं हो त्यांच्या. पण म्हणाल्या, "बिनबोलावली लक्ष्मीच्या पंगतीत नाही बसत मी," आणि गेल्या. कढीपत्ता न घेता!

म्हणजे सतरा घरांत हेच चाललं असणार. गोपिकानं वगळलं. नवरा गेला, आता माणसंही नको झाली तिला... लावला फोन ऋतुजाला.

"अवं आई, ऑफिसमध्ये आहे मी. लवकर सांग."

सांगितलं. ती म्हणाली, "सतराही नंबर एकाच खोक्यात टाकले?"

"मग? सतरा खोकी कुठं दिली होतीस?"

"आई, नीट ऐक. आतमध्ये मी डेटाबेसला एक प्रश्न लिहून ठेवला आहे, अमुक नंबरचा सभासद कोण? त्या 'अमुक'च्या जागी एक प्रश्नचिन्ह आहे. तू खोक्यात जे टाकशील ते त्या जागी बसतं, आणि एका प्रश्नचिन्हाच्या जागी एकच गोष्ट बसते. तू टाकलेली पूर्ण ओळ त्याला एकच नंबर वाटली. त्यानं इतक्या लांब नंबरचा माणूस शोधला. असा कोणी नाही. म्हणून निरोप गेले शून्य."

"मग हिरवी खूण कशाची?"

"शोधायचं काम होतं आई. शोधलं. झालं त्याचं काम."

ऐकलंत? शोधलं, कोणी मिळालं नाही, काम पूर्ण झाले!

मी म्हटलं, "अगं, मग माझी ओळ जशीच्या तशी त्या प्रश्नात चिकटव ना."

"नाही चालत. उद्या कोणी नंबराऐवजी लिहिलं, 'सगळी नावं पुसून टाक', तर तेही ऐकेल ते."

"कोण लिहील तसं? मनोहरराव?"

"कोणीही लिहू शकतं आई. त्यापेक्षा मी असं करते, तुझ्या यादीचे तुकडे करते, मोजते, आणि जितके तुकडे तितकी प्रश्नचिन्हं एका कंसात मांडते. सतरा नंबर, सतरा प्रश्नचिन्हं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे तू सतरा माणसांना एकच पाट मांडला होतास! पाहुणे मोजून पाट मांडतात गं."

ती हसली. "हो आई. पाट मांडते आता."

अर्धा तास टाइप केल्याचा आवाज. मग म्हणाली, "एक बरं झालं, आणखी एक चूक सापडली. यादी रिकामी असली तर प्रोग्राम कोसळतो. कंस उघडला, आत कोणी नाही, कंस मिटला. डेटाबेसला ते वाक्यच कळत नाही. मी लिहून टाकलं, यादी रिकामी असेल तर विचारायचंच नाही."

विचारायचंच नाही... दोन वर्षं माझं तेच तर चाललं होतं.

"आई? मला नाही आलं आमंत्रण."

"तू कुठं सभासद आहेस? आणि लेकीला काय आमंत्रण लागतं?"

"...या वर्षी लागलं असतं, आई. तू काही म्हणालीच नाहीस. मला वाटलं, तू करतच नाहीस."

मला वाटलं होतं, तिला सुटी मिळणार नाही. तिला वाटलं, मी करत नाही. बघा म्हणजे!

मग ती नाक ओढून म्हणाली, "आधी दोनच नंबर टाकून बघ. तुझा आणि जनामावशीचा."

माझा एक्केचाळीस. यांचा होता, यांच्या मागे माझ्या नावावर झाला. मोबाईलवरच प्रोग्राम उघडला, एक्केचाळीस, स्वल्पविराम, चार, 'उद्या'चं 'आज' केलं आणि दाबलं. हातातला फोन थरथरला. मग उरलेल्यांना पाठवलं. नानाजींचं लगेच उत्तर, 'ताई, आता कामठीहून निघून अंधार होईल, रागावू नका.' कामिनी म्हणे, 'जेवण झालं वं, आधी सांगतेस तर आली असती.' चार वाजून गेले होते. सगळे पोट भरून बसले होते, चुकलं कोणाचंच नाही.

जनाबाई तेवढ्या आल्या. ठेवणीतलं नऊवारी नेसून, मोबाईल तिकिटासारखा पुढं धरून. "हे पाह्य. आलं. आता वाढ."

वाढलं. त्यांनी घास उचलला आणि थांबल्या. "तू काहून उभी वं?"

"घरच्या बाईनं मागून जेवायचं असतं ना, पंगत उठल्यावर."

"कोणती पंगत?"

बघितलं मी. सतरा ताटं, एक बाई. मग मीही मोबाईल काढला आणि त्यांच्यासमोर धरला. "मलाही आमंत्रण आहे."

"कोणाचं?"

"सभासद क्रमांक एक्केचाळीस."

"ते कोण वं?"

"मीच."

दोन वर्षांत मला आलेलं पहिलं आमंत्रण हो! अवश्य यावे, म्हणून स्वच्छ लिहिलं होतं. बोलावणाऱ्या बाईचं मन कसं मोडायचं? बसले मग. सोळा भाज्या, सतरा ताटं, दोन बाया... काम पूर्ण झाले!