पावणेदोनशे ग्रॅम

नाही, नाही, ‘समाधानी’वर बोट नेऊ नका — ‘अतिशय समाधानी’वर तर नाहीच — इंजिन चांगलंय, ब्रेक चांगलेत, ते सगळं लिहा, पण तुमच्या या पाहणीच्या फॉर्मात खाली ‘इतर सूचना’ म्हणून एक रकाना असतो बघा, सरकवा, अजून खाली — हं, तो. तो कुणी भरत नाही, ठाऊक आहे मला. आज भरायचा. लिहा : पुढच्या सीटवर बसणाऱ्याला, दाराच्या वर, छताला, धरायला हँडल नाही. कसलं हँडल म्हणजे? अहो ताई, गाडीतून उतरताना माणसाचा हात आपोआप वर जातो ना, ते — तुम्हाला नसेल लागत, तुमचे गुडघे अजून तुमचं ऐकतात. ‘असतं तर बरं झालं असतं’ असं नको, मी काही आर्जव करत नाहीये. ‘तक्रार’ लिहा. शब्द तोच हवा. तक्रार.

बाहेरून बसवून का घेतलं नाही? सगळे हेच विचारतात. बसवू कशात? आधीच्या गाडीत छताच्या कापडामागे पत्र्याची एक पट्टी होती, स्क्रू तिच्यात बसायचा. हँडल काढलं तेव्हा ती पट्टीही काढली — पाहुणा गेला की त्याची गादी गुंडाळून ठेवतात तशी. हँडल, पट्टी, दोन स्क्रू, सगळं मिळून पावणेदोनशे ग्रॅम. आता स्क्रू काय कापडात पिळू?

मला कसं ठाऊक? असंच. वाचत असतो मी. — आणि त्या हँडलची जागा आमच्या हिनं ठरवली होती, म्हणून ठाऊक. ही जेमतेम पाच फूट. गाडी पत्र्याची व्हायच्या आधी लाकडाची करतात — नुसती सीट, दार, छताची चौकट — आणि उंच, बुटकी, जाडी, सगळ्या मापांची माणसं आणून तिच्यात बसवतात. एकदा बुटकं माणूस वेळेवर मिळेना, तेव्हा मी हिला घेऊन गेलो. ही बसली, हात वर केला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘हे काय, खांबावर चढायचंय का मला? पुढे घ्या.’’ तीन बोटं पुढे घेतलं. ‘‘अजून.’’ अजून एक बोट घेतलं. पोरं खिदळायला लागली — साहेब घरी कुणाचं ऐकतात ते आज कळलं म्हणे. पुढे चार वर्षं लाखभर माणसं ते हँडल धरून उतरली, आणि ही भेटेल त्याला सांगायची, ते माझ्या हाताच्या मापाचं आहे हो.

मग गाडीचं तोंड बदलायची वेळ आली — दिवे, जाळी, बंपर नवे, बाकी गाडी तीच. गाडीचं आयुष्य आधीच कागदावर मांडलेलं असतं — तीन वर्षं घडवायची, रस्त्यावर आल्यावर चौथ्या वर्षी नवं तोंड द्यायचं, आठव्या वर्षी बंद करायची, त्यापुढे दहा वर्षं सुटे भाग पुरवायचे. तोंड बदलताना वजनही उतरवतात, म्हणजे मायलेज वाढतं. दर बुधवारी बैठक. एक जण नुसती वजनांची यादी घेऊन बसायचा, त्याला आम्ही तराजू म्हणायचो. तराजू सगळ्यांपुढे हात पसरायचा — दोनशे ग्रॅम द्या, शंभर तरी द्या — सीटवाले देईनात, दारवाले देईनात, आणि कुणीतरी म्हणालं, पुढचं हँडल काढा, त्याच्याबद्दल चार वर्षांत एका ग्राहकानं अवाक्षर काढलेलं नाही. खरंच नव्हतं काढलं. जे हाताशी असतं त्याबद्दल कोण कशाला लिहील? मी सही केली. मी केली नसती तर दुसऱ्या कुणी — नाही, मीच केली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जेवायची वेळ झाली होती.

जुनी गाडी विकून ही नवी घरी आणली त्याला महिना झाला नव्हता, तोच हिचं दुखणं निघालं. आठवड्यातून दोनदा दवाखाना. पहिल्याच खेपेला, दवाखान्याच्या दारात, उतरायला हिनं हात वर केला — न बघता, सवयीनं — तो कापडावरून घसरून मांडीवर आला. पुन्हा केला. मग मान वर करून बघितलं आणि म्हणाली, ‘‘अहो, माझं हँडल कुणी काढलं?’’ मी म्हणालो, ‘‘असेल कुणीतरी शहाणा.’’ हसली. पुढे सात महिने मी तिला काखेत हात घालून उतरवलं, आणि दर खेपेला ती त्या शहाण्याचा उद्धार करायची, आणि मी — मीही करायचो, तिच्या जोडीनं. गेली ती. कोण शहाणा ते तिला कळलं नाही.

थांबलात का? लिहा ना. पुढची गाडी या महिनाअखेर पक्की होते, नंतर तिच्यात एक स्क्रूही इकडचा तिकडे होत नाही. हँडल परत घ्या म्हणून मी तीनदा लेखी दिलं, तीनदा एकच शेरा — ग्राहकाची तक्रार नोंदलेली नाही. म्हटलं, मग आपणच ग्राहक व्हावं. — हो. तिथेच आहे मी अजून. तुम्ही दारात विचारलंत, घरात कुणी गाड्यांच्या कारखान्यात आहे का, तेव्हा नाही म्हणालो. खोटं बोललो. आणि वर स्वतःच सगळं ओकून बसलो, तुमचा काय दोष? नका, अवघडू नका. अशा घराचं मत बाद करायचं, हा नियम योग्यच आहे. मीच घातलाय तो — आमचेच लोक आमच्याच गाडीच्या आरत्या ओवाळून पाठवायचे म्हणून. आमच्यातला कुणी रडत येईल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

पुसा. सगळंच पुसावं लागतं, एखादा रकाना ठेवता येत नाही, माहितेय मला.

शेजारी विचारा. तिथल्या मुलानं हीच गाडी घेतलीय. त्याची आई उतरताना दोन्ही हातांनी दाराला लोंबकळते आणि त्यालाच म्हणते, वय झालं रे माझं. — छे, हँडलचा विषय तुम्ही काढायचा नाही, आपण सुचवलं की ते उत्तरही बाद. नुसतं विचारा, गाडी कशी आहे. छान आहे म्हणतील. लिहून घ्या.

या आता. दार ओढून घ्या.