खिडकीतलं ओलं पोतं

चेअरमनसाहेब, धरणातलं पाणी तुम्ही तुमच्या उसाला पाजलंत आणि काचा लावलेल्या गार गाडीतून आमचा दुष्काळ बघायला आलात! त्याच दुपारी मांजरसुंब्याच्या फाट्यावर भारत ड्रायव्हरची जुनी काळीपिवळी जीप केजच्या सीटांसाठी थांबली होती. तिला कुठला आलाय एसी? मागं दवाखान्यातून सुटलेला राधाकिशन आणि त्याची बायको जानकीबाई. तिनं त्याच्या खिडकीला पोतं बांधलेलं, ते भिजवलं की आत वारा गार यायचा. भारतचे कान मागंच होते.

"जानके, प्यायचं पाणी पोत्यावर वततीस व्हय?"

"गप बसा. ऊन लागू देऊ नका म्हनलाय डाक्टर."

"बाटल्या दोनच हायत."

"एक तुमाला, एक पोत्याला."

"आन तुला?"

"मला न्हाई लागत लई तहान."

"लग्नात आख्खा तांब्या एका दमात पिली व्हतीस. म्या बगितलं."

"अवो, डायवर ऐकतोय!"

"ऐकू दे. व्हट चिरल्यात तुजे."

"वाऱ्यानं."

"वारा तर तू गार केलास."

भारतनं आपली बाटली मागं सरकवली.

"ही धर. आन तोंड हिकडं कर. सकाळधरनं पाणी कवा पिलीस? खोटं न्हाई चालायचं. सांग, जानके."