शेवटची फ्लॉपी आधी

नारायण पेठेतल्या दवाखान्यात पूर्णिमा डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसली होती. शेजारी बाप-लेक लॅपटॉपवरून भांडत होते.

"बाबा, तुमच्या सगळ्या फ्लॉप्या कॉपी केल्या, पण त्यांतली झिप फाइल सुटत नाही."

"पहिलीपासून सुरुवात केली असशील. शेवटची आधी द्यायची असते."

"आत बोलावतायत. ऑपरेशन आधी, हे नंतर."

"आणि नंतर डोळाच राहिला नाही तर? त्र्याण्णव साली कॉम्प्युटरसाठी एकेक ठिपका ठेवून मराठी अक्षरं काढली मी. कंपनीनं बाहेरून तयार अक्षरांचं पॅकेज आणलं आणि मला घरी बसवलं. एकदा बघू दे."

"थांबा... सुटली! लॅपटॉपनं जुन्या कॉम्प्युटरचं सोंगही घेतलं. उमटली बघा अक्षरं!"

"अगं, या थेंबांनी मला नुसतं पांढरं दिसतंय! 'ळ' आहे का?"

पूर्णिमाला राहवेना. तिनं डोळे किलकिले केले, तर तिलाही धुकंच.

"आहे," लेक म्हणाली.

"कसा आहे?"

"उजवं पोट लहान आहे. चुकलंय बहुतेक."

"चुकलंय कसलं! चौकटीत शेवटचा ठिपका मावेना. साहेब त्यावरूनच बोंबलायचा. माझाच आहे तो! चल, धर हात. कुठाय तुझा डॉक्टर?"