रोज धुतलेला दगड

मास्तर: नखानं ओरखडा उठत नाही, नाण्यानं उठतो. म्हणजे गारगोटी नव्हे, एवढं नक्की. बसा ना वहिनी, उभ्या का? त्या खोक्यावर बसा. आत नुसते दगड आहेत, मोडायचे नाहीत.

वहिनी: बरी आहे मी.

मास्तर: एकवीस दिवस झाले ना त्याला जाऊन?

वहिनी: बावीस.

मास्तर: मी आलो होतो त्या दिवशी. मागेच थांबलो, फाटकापाशी. पुढं यायला तोंड नव्हतं मला.

वहिनी: कोण आलं, कोण नाही, काही लक्षात नाही माझ्या. दगडाचं सांगा.

मास्तर: सांगतो. ॲसिडचा एक थेंब टाकतो कडेला, घाबरू नका. फेस आला तर चुन्याच्या घराण्यातला... हं. ढिम्म. अहो, या कॉलेजात चाळीस वर्षं दगड पुसतोय. साधा प्रयोगशाळेचा माणूस, पण पोरं मास्तर मास्तर करतात. आणि हा गडी ओळख म्हणून देईना! स्फटिक म्हटला की कडा हव्यात, कोपरे हवेत. हा तर चोखून बाहेर काढलेल्या गोळीसारखा. कुठं सापडला त्याला?

वहिनी: त्या आटलेल्या तळ्याजवळ. तिथून फोन केला होता ह्यांनी. म्हणाले, एक दगड मिळालाय, काय आहे ते कळेना, येताना मास्तरांना दाखवून येतो. मग गाडीत बसले. गाडी सुरूच केली नाही. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांत संपलं असेल.

मास्तर: मला दाखवून येतो म्हणाला?

वहिनी: हो.

मास्तर: नीट आठवा वहिनी. दोन वर्षं माझ्या सावलीला उभा राहत नव्हता तो.

वहिनी: मास्तरांना, असंच म्हणाले. दुसरे मास्तर आम्हाला माहीत नाहीत. त्यांचं काम राहिलं म्हणून मी घेऊन आले. कपाटात त्याची डबी तयार आहे, चिठ्ठी कोरी आहे, ती आणलीय. तुम्ही नाव सांगा, मी लिहिते आणि जाते.

मास्तर: जिभेला हाड नाही हो माझ्या. दोन वर्षांपूर्वी सगळ्या दगडवाल्यांसमोर त्याला म्हणालो, हातोडीराव, तुमचा पाचू म्हणजे सोड्याच्या बाटलीची वितळलेली काच! सगळे खो खो हसले. बाजूला घेऊन सांगता आलं असतं की मला.

वहिनी: काचच होती का?

मास्तर: काचच.

वहिनी: मग झालं. त्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते. दगडाचं सांगा ना.

मास्तर: हा हाताला ओलसर का लागतोय? पर्समध्ये पाणी सांडलं का?

वहिनी: सकाळी धुतलाय.

मास्तर: मला दाखवायचा म्हणून?

वहिनी: नाही, रोज धुते. हे प्रत्येक दगड धुवायचे, जुन्या टूथब्रशनं घासून. मी करवादायचे, मोरी अडवून बसता म्हणून. आता सकाळी उठते, काही सुचत नाही. मग हा नळाखाली धरते, घासते, पुसते, डबीत ठेवते. तेवढं झालं की पुढचा दिवस काढता येतो.

मास्तर: वहिनी, दवाखान्यातून त्याच्या सामानाबरोबर मिळाला तेव्हा केवढा होता हा?

वहिनी: मोठा होता जरा. वाटलं, माझाच भास असेल. हल्ली सगळंच लांबचं दिसतं मला.

मास्तर: केवढा? हातानं दाखवा.

वहिनी: एवढा.

मास्तर: अरे देवा. चौकोनी होता?

वहिनी: फाशासारखा. कोपरे टोचायचे.

मास्तर: आणि ठेवला कशात होता त्यानं?

वहिनी: जेवणाच्या डब्यात. डबाभर कच्चे तांदूळ, मधे हा. घरूनच भरून नेले होते सकाळी. मला काही कळलं नाही. पाखरांना टाकले मी ते.

(मास्तर दगड जिभेला लावतो.)

वहिनी: हे काय करताय?

मास्तर: आम्ही सगळे चाटतो. दगडवाल्यांची खोडच आहे ती. हे मीठ आहे वहिनी. खडकातलं मीठ.

वहिनी: मीठ.

मास्तर: पाणी लागलं की विरघळतं.

वहिनी: म्हणजे मीच घालवला.

मास्तर: तुम्हाला काय ठाऊक असणार—

वहिनी: झिजतोय हे दिसत होतं मला. तरी धुतला. बघू इकडे, मीही लावते जिभेला.

मास्तर: खारट लागतं?

वहिनी: नाही लागत. बावीस दिवस कशालाच चव नाही.

मास्तर: ऐका, जरा बसा आता. बसा म्हणतो ना! ते तांदूळ कशाला होते ठाऊक आहे? मिठाला ओल धरू नये म्हणून. घरून तांदूळ भरून नेले, म्हणजे तिथं काय मिळणार ते निघतानाच माहीत होतं त्याला.

वहिनी: मग कळेना असं का म्हणाले?

मास्तर: मला ओळखायला द्यायचा होता. त्याशिवाय माझ्या दारात कसा येणार तो? नमतं घेणाऱ्यातला होता का?

वहिनी: नव्हते.

मास्तर: त्यानं तांदूळ भरले. मला नुसता फोन उचलायचा होता, तोही दोन वर्षं जमला नाही मला.

वहिनी: आता रडू नका मास्तर. मला काही करता येणार नाही.

मास्तर: नाही रडत. आणा ती चिठ्ठी. मीठ... आटलेल्या तळ्याकाठी... आणि खाली, 'ओळखणारा'.

वहिनी: तिथं तुमचं नाव.

मास्तर: त्याचंच. आधी त्यानं ओळखला. हे घ्या. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, तळाशी तांदूळ. आता मात्र पाणी अजिबात लावू नका.

वहिनी: मग सकाळी मी काय करू? खरंच विचारतेय. उठल्यावर काय करू?

मास्तर: थांबा. हा खण जरा अडकतो. हं, ही घ्या.

वहिनी: ही ती हिरवी?

मास्तर: तीच. त्यानं त्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात टाकली, मी उचलून ठेवली. म्हटलं, आला की देईन. धूळ बसलीय बघा किती. ही धुवा रोज. काचेला पाणी चालतं.

वहिनी: ते पाचू म्हणायचे हिला.

मास्तर: पाचूलाही चालतं, वहिनी.