रघुजीरावांची बिअर उन्हात कोणी ठेवली?

सन्माननीय अध्यक्ष श्रीयुत नारायणराव पागे, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रदर्शन मंडळीचे सभासद, महूहून मुद्दाम येण्याची तसदी घेतलेले दोराबशेठ, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत रघुजीराव काळोखे, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसलेल्या मातांनो आणि भगिनींनो, तसेच देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पातींच्या नागरिक बंधूंनो,

रघुजीरावांना निरोप देण्यासाठी मीही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, त्याबद्दल मंडळीचा मी ऋणी आहे. मी शाळामास्तर. चार शब्दांत माझ्या वर्गाची हजेरीसुद्धा होत नाही, तेव्हा थोडे अधिक होतील. अध्यक्षमहाराजांसमोर घंटी ठेवलेली आहे ती मला दिसते. त्यांनी ती खुशाल वाजवावी.

माझ्याआधी जे सद्गृहस्थ बोलले त्यांची भाषा फार गोड होती. एक म्हणाले, रघुजीरावांच्या बिअरच्या कारखान्याला माळव्याची हवा मानवली नाही. दुसरे म्हणाले, दैवाने साथ दिली नाही. मी मागच्या बाकावर बसून हे ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. हवा? आठ हिवाळे या गृहस्थाने याच हवेत बिअर काढली. आणि दैव? दैवाला हात असतात का, की त्याने खोलीत शिरून बाटल्या उचलाव्यात?

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी चिंतामणी लघाटे. गेल्या माघापर्यंत मी इथल्या मद्यपाननिषेधक सभेचा चिटणीस होतो. माझे थोरले बंधू दारूपायी गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या सावित्रीवहिनी, आज पडद्याआड बसल्या आहेत. त्यांच्या घरातली भांडी एकेक करून कलालाच्या दुकानी कशी गेली, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. दारूच्या थेंबाला शिवणार नाही अशी शपथ मी भर बाजारात घेतली होती. असा मनुष्य बिअर काढणाऱ्याच्या सत्काराला उभा राहून का बोलतो, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. यायलाच हवा.

रघुजीराव आणि मी, आमचे कधी जमले नाही. ते तरुणपणी महूच्या छावणीत कारकून होते, तिथून शिमल्याकडच्या डोंगरात एका बिअरच्या कारखान्यात गेले, पोती वाहण्यापासून सगळे शिकले आणि इथे येऊन टेकडीच्या पायथ्याला विहिरीशेजारी आपला कारखाना घातला. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भाजायचे, पाण्यात शिजवायचे. त्यात विलायतेहून पत्र्याच्या पेट्यांतून येणारी हॉप नावाची कडू फुले घालायची, आणि खमीर लावून थंडीत मुरू द्यायचे. या बिअरला साहेब लोक पेल एल म्हणतात. रंगाने फिकी, अंगाने हलकी. मी त्यांच्या दारावर सभेची पत्रके चिकटवीत असे. ते ती सोलून काढीत आणि मला म्हणत, "मास्तर, खळ कमी लावत जा, भिंत खराब होते." स्वभावाने ताठ माणूस. कोणापुढे वाकला नाही, आणि म्हणूनच आज जातो आहे.

गेल्या माघात आपल्या गावी हुन्नर प्रदर्शन भरले. त्यात बिअरची परीक्षा ठेवली होती. छावणीजवळ साहेबांचा नवा क्लब निघाला होता आणि परीक्षेत जी बिअर पहिली येईल तीच त्या क्लबात जायची, असे ठरले होते. माल दोघांचाच होता. एक रघुजीरावांचा, दुसरा छावणीतल्या एका व्यापाऱ्याचा. मी त्यांचे नाव घेत नाही. आपले अध्यक्ष त्यांना माझ्यापेक्षा अधिक जवळून ओळखतात. अध्यक्षांच्या पुतण्याची आणि त्यांची सरकीच्या कारखान्यात भागी आहे.

लाखेने मोहोर केलेल्या बाटल्या परीक्षेपर्यंत सांभाळायच्या कोणी? नारायणराव स्वतः माझ्या घरी आले. म्हणाले, "मास्तर, हे काम तुम्हीच घ्या. तुमच्या हाती असल्या म्हणजे कोणी प्यायला अशी शंकासुद्धा येणार नाही." हॉलमध्ये हसू आले ते बरे झाले. मीही तेव्हा हसलो होतो आणि हो म्हणालो होतो.

रघुजीरावांना तपकिरी काचेच्या बाटल्या मिळाल्या नव्हत्या. इंदूरहून पांढऱ्या काचेच्या आणल्या होत्या. आता ही बिअर उजेडाला फार नाजूक असते, ऊन लागले की नासते. म्हणून भवानीबाईंनी, म्हणजे रघुजीरावांच्या कुटुंबाने, जाड काळ्या कापडाच्या थैल्या शिवल्या आणि एकेक बाटली आत घालून तोंड बांधले. बाटल्या माझ्या स्वाधीन करताना रघुजीरावांनी माझ्यासमोर, नारायणरावांसमोर, माळवी रीतीने भाऊ म्हणून हाक मारून स्पष्ट सांगितले, "भिया, एवढं सांभाळा. अंधारात राहू द्या. घडीभर ऊन लागलं तरी ही पिण्याजोगी राहत नाही."

नारायणराव म्हणाले, "अहो, चिंता सोडा."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी शाळेत होतो. बाटल्या ठेवल्या होत्या त्या कोठीच्या खोलीची एक किल्ली माझ्या कमरेला होती. दुसरी किल्ली नारायणरावांकडे होती. आणखी कोणाकडेही नव्हती. शाळा सुटल्यावर येऊन पाहतो तर रघुजीरावांच्या बाटल्या थैल्या काढून दक्षिणेच्या खिडकीत रांगेने मांडलेल्या! ऊन त्यांच्या आरपार जात होते. बाहेर लोक उभे राहून "क्या रंग है, क्या रंग है" म्हणत होते. आणि व्यापाऱ्याच्या तपकिरी बाटल्या? त्या होत्या तशाच पेटीत, गवतात गाडलेल्या. त्यांची शोभा कोणाला हवीशी वाटली नव्हती.

मी बाटल्या झाकल्या आणि तडक नारायणरावांकडे गेलो. ते हिशेबनिसाशी बोलत बसले होते. म्हणाले, "मास्तर, प्रदर्शन म्हटलं म्हणजे जरा मांडणी नको का? उन्हानं कधी बाटली फुटते?"

मी म्हणालो, "फुटत नाही, नासते. रघुजीरावांनी आपल्याला सांगितलं होतं."

"त्यांना काय, स्वतःच्या मालाचं कौतुक."

मी रघुजीरावांना बोलावणे पाठवले. ते आले. त्यांनी खिडकीच्या दगडावर हात ठेवला. दगड अजून तापलेला होता. मग त्यांनी, आणि त्यांना विनंती करताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिले, विनंती केली की याच घाण्याच्या दुसऱ्या बाटल्या कारखान्याच्या तळघरात आहेत, त्या घ्याव्यात. हव्या तर पंचांनी स्वतः येऊन निवडाव्यात. मंडळीचे उत्तर आले की मोहोर केलेला माल बदलता येत नाही. मोहोर! थैल्या काढताना नियम नव्हता, बाटल्या बदलताना नियम निघाला.

घंटी वाजली. ऐकली मी. आपण वाजवीत राहा, नारायणराव, मी बोलत राहतो.

दुसऱ्या दिवशी याच हॉलमध्ये परीक्षा झाली. पंच होते छावणीचे डॉक्टरसाहेब आणि आपले दोराबशेठ, ज्यांची उभी हयात स्वतःच्या हॉटेलात बिअर ओतण्यात गेली. पंचांना मी दोष देत नाही, दोष त्यांचा नव्हता. त्यांनी प्याल्यात जे होते तेच तपासले. आधी उजेडात धरून रंग पाहिला. वाळलेल्या गव्हाच्या काडीचा रंग. डॉक्टर खूश दिसले. फेस पाहिला, बारीक, पांढरा, टिकणारा. मग प्याला नाकाशी नेला आणि साहेबांनी तोंड फिरवले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "यह किसने बनाया? बिज्जू ने?"

सारा हॉल हसला. बिज्जूच्या बिळापाशी जो उग्र दर्प येतो तो आपल्याला माहीत आहे. तो वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. रघुजीराव भिंतीशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पडद्याआड भवानीबाई होत्या. ज्या बाईने एकेका बाटलीला आंगडे शिवावे तशी थैली शिवली, तिने हे हसणे ऐकले.

मी उठलो आणि म्हणालो, "ही परीक्षा खोटी आहे. बाटल्या उन्हात ठेवल्या होत्या. तळघरातली बाटली आणा आणि पुन्हा तपासा."

तेव्हा नारायणराव काय म्हणाले? आपल्यापैकी पुष्कळांनी ते ऐकले आहे. म्हणाले, "मास्तर, तुम्ही ती तळघरातली चाखली आहे का? नाही ना? मग कोणत्या तोंडानं सांगता की ती वेगळी आहे?"

पुन्हा हसू. त्यांना वाटले, माझे तोंड बंद झाले. माझी शपथ त्यांना पाठ होती, कारण ती मी घेतली तेव्हा सभेचे आश्रयदाते म्हणून हार माझ्या गळ्यात त्यांनीच घातला होता.

रघुजीरावांनी कोटाखाली एक बाटली आणली होती, काळ्या थैलीतली. मी त्यांच्याकडे हात केला. ते म्हणाले, "नको मास्तर. तुमचा नेम आहे. माझं काय, जायचं ते गेलं."

मी म्हणालो, "द्या इकडे."

मी पडद्याकडे वळलो. सावित्रीवहिनींना हाक मारून म्हणालो, "वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तर मी पिणार नाही." मग आतून त्यांचा आवाज आला, "प्या भाऊजी. खोटं बोलायला नाही ना पीत?"

सज्जनहो, मी प्यालो. आधी खिडकीतली. गिळवेना, रुमालात थुंकलो. मग तळघरातली. आता मी शिक्षक आहे, पाहिले ते जसेच्या तसे सांगण्याची मला सवय आहे. वास आला तो संत्र्याची साल नखाने खरवडल्यासारखा. जिभेवर पहिल्यांदा कडू, पण मेथीच्या कोवळ्या पाल्यासारखे स्वच्छ कडू. त्यामागून भाजलेल्या जवाची हलकी गोडी, आणि गिळल्यावर तोंड कोरडे, नितळ. घशात आग नाही, पोटात जडपणा नाही. मला ती चांगली लागली. हे सांगताना मला आनंद होत नाही. वाईट लागली असती तर माझे दुःख निम्मे झाले असते.

तोच प्याला दोराबशेठांनी माझ्या हातून घेतला. हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "डॉक्टर, आपण गाढव बनलो. ही जर बिज्जूने केली असेल तर तो बिज्जू मला नोकरीला पाहिजे." दोराबशेठ, आपण मान हलवता आहात, म्हणजे मला बरोबर आठवते आहे. डॉक्टरांनीही घोट घेतला आणि निकाल बदलायला ते तयार झाले.

नारायणरावांनी निकाल बदलू दिला नाही. म्हणाले, एकदा जाहीर झाला तो झाला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. क्लबाचे काम व्यापाऱ्याकडे गेले. बाजारात रघुजीरावांच्या मालाला 'बिज्जूछाप' नाव पडले. हिवाळ्याचा सगळा माल पिंपांत राहिला आणि उन्हाळ्यात आंबला. आठ वर्षांचा कारखाना एका खिडकीने बुडवला. आणि मद्यपाननिषेधक सभेने मला भर सभेत दारू प्यालो म्हणून काढून टाकले. तो ठराव मांडणारे आश्रयदाते आज माझ्या उजव्या हाताला अध्यक्षस्थानी बसले आहेत. एका हाताने बिअरवाल्याशी असलेली पुतण्याची भागी सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने मला दारूबद्दल शिक्षा द्यायची! मी हे सहा महिने गिळून बसलो. पण आज त्याच हातांनी रघुजीरावांच्या खांद्यावर शाल घालायची आणि वर म्हणायचे, दैवाने साथ दिली नाही? हे मला गिळवले नाही.

आणि आपल्यावर, या हॉलमधल्या माझ्या शेजाऱ्यांवर, माझा राग काही कमी नाही. खिडकीतल्या बाटल्या आपण पाहिल्या होत्या. वाहवा करणाऱ्यांत आपण होतात. त्या दिवशी हॉलमध्ये एकाने तरी उठून म्हणायचे होते, "हो, मी पाहिल्या." नाही उठला कोणी. हसायला मात्र सगळे होते.

रघुजीराव नीलगिरीकडच्या एका कारखान्यात मुख्य कारागीर म्हणून जात आहेत. पण जाण्यापूर्वीची कालची गोष्ट ऐका. अध्यक्षांचे पुतणे त्यांच्या घरी गेले होते. टेकडीखालचा रिकामा कारखाना ते चालवणार आहेत. रघुजीरावांनी आठ वर्षे जिवंत ठेवलेले खमीर तेवढे त्यांना हवे होते. "काका, तिकडे तुम्हाला नवं मिळेलच," असे म्हणाले. रघुजीराव काही बोलायच्या आत भवानीबाई आतून खमिराची बरणी घेऊन आल्या. पुतणे हात पुढे करून उभे. बाईंनी त्यांच्यासमोर बरणीला ओले फडके गुंडाळले, आपल्या प्रवासाच्या टोपलीत ठेवली, आणि म्हणाल्या, "भिया, तुमच्या काकांकडे दक्षिणेची खिडकी आहे ना? तिच्यातूनच काढा बिअर."

ती टोपली या क्षणी पडद्याआड त्यांच्या पायाशी आहे. इंदूरचा टांगा बाहेर उभा आहे, मी फार वेळ घेत नाही.

रघुजीराव, मी आजही दारूचा वैरी आहे. त्या दिवसानंतर थेंब घेतलेला नाही, घेणार नाही. नीलगिरीत आपण जिथे बिअर काढाल तिथे जवळपास असतो तर आपल्या दारावर पत्रक नक्की चिकटवले असते. पण आपला माल चोख होता आणि तो जाणूनबुजून नासवला गेला, हे मी चाखून सांगतो, आणि जो विचारील त्याला मरेपर्यंत सांगेन. आपल्याला आणि भवानीबाईंना तिकडे सुख लाभो.

मंडळीने बोलू दिले, दोराबशेठ दूरवरून आले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात शब्द अधिकउणा गेला असेल, वेळेचे भान राहिले नसेल, तर सभेने मोठ्या मनाने क्षमा करावी. नारायणरावांनी मात्र करू नये. त्यांची क्षमा मला नको आहे.